जुन्या गिटारीची अदलाबदल आणि डागडुजी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जुन्या इलेक्ट्रिक गिटारींविषयी आहेत. तिन्ही वाचकांच्या हाती गिटार वेगवेगळ्या वाटेने आली असली किंवा येणार असली, तरी तिचे किती नवे करावे आणि किती जुनेच राहू द्यावे हीच तिघांची अडचण आहे. म्हणून या वेळी फक्त हीच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेली, मेक्सिकोत बनलेली फेंडर टेलिकास्टर आहे. शेजारच्या गावातले एक वयस्क गृहस्थ तिच्या बदल्यात त्यांची शाळकरी वयातली काळी सिल्व्हरटोन गिटार देऊ पाहतात. तिला एकच पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग, आहे आणि तिच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसवलेला आहे. पिकअपमधून आवाज येत नाही, तारा मानेवरच्या बोटांखालच्या पट्टीपासून फार वर आहेत आणि कडेची पांढरी पट्टी दोन ठिकाणी सुटली आहे. पेटीतला ॲम्प्लिफायर बंद असल्यामुळे पेटी टाकून द्यावी आणि नुसती गिटार घ्यावी, असे ते म्हणतात. हा व्यवहार करावा का? मूळ रंग काढून नवा द्यावा, असे माझ्या मुलाचे म्हणणे आहे. ता. क. : पुढच्या वर्षी आम्ही कायमचे पुण्याला परतणार आहोत. — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ही १९६२ च्या सुमारास सिअर्स, रोबक या कंपनीने टपालखरेदीच्या सूचीतून विकलेली १४४८ क्रमांकाची गिटार दिसते. 'सिल्व्हरटोन' हे सिअर्सचे विक्रीचे नाव होते. गिटार बनवली ती डॅनइलेक्ट्रो या कंपनीने. नेथन डॅनियल यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा कारखाना साठच्या दशकात न्यू जर्सीतल्याच नेपच्यून येथे होता, म्हणजे तुमच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या आत. पेटी आणि ॲम्प्लिफायर धरून या संचाची किंमत तेव्हा ६७.९५ डॉलर होती. घरी वेगळा ॲम्प्लिफायर घेण्याची ऐपत नसलेल्या मुलालाही पेटी उघडली की लगेच वाजवता यावे, हा त्यामागचा विचार होता आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

पेटी टाकून द्यावी हा प्रस्ताव तुम्ही मुळीच मान्य करू नका, असे मी म्हणतो ते यामुळेच. या गिटारीची ओळखच पेटीसह आहे. ॲम्प्लिफायर बंद असला तरी चालेल, पेटीचा बिजागर तुटलेला असला तरी चालेल, पण तो संच फोडू नये. एकदा पेटी कचऱ्यात गेली की त्या गिटारीसाठी तशी पेटी पुन्हा शोधणे अतिशय कठीण होते, आणि उद्या तुम्हाला ती गिटार दुसऱ्या कोणाला द्यावीशी वाटली तर पेटीसह असलेल्या आणि पेटीविना असलेल्या गिटारीच्या किमतीत मोठी तफावत पडते. त्या गृहस्थांच्या दृष्टीने ती अडगळ आहे, म्हणून ती मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र तिचे मोल त्यांना सांगून मगच मागावी, कारण समोरच्याच्या अज्ञानावर केलेला सौदा पुढे मनाला लागून राहतो.

सौदा समतोल आहे की नाही हे ठरवताना तुमच्या टेलिकास्टरची किंमत एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला सिल्व्हरटोनची चालू स्थितीतली किंमत वजा दुरुस्तीचा खर्च, असा हिशेब मांडा. पिकअप पुन्हा गुंडाळून घेणे, मानेवरचे धातूचे सर्व पडदे बदलणे आणि ॲम्प्लिफायर तपासून घेणे ही तीन कामे कारागिराकडून करून घेतली तर त्यांचा खर्च काही शे डॉलरपर्यंत सहज जातो. पडदे अजून उंच आहेत आणि पिकअपचा दोष केवळ सांध्यात आहे असे निघाले, तर तोच खर्च फार थोड्यावर येतो. तेव्हा होकार देण्याआधी त्यांच्याच समोर, त्यांच्या परवानगीने, गिटार उघडून पाहू द्या अशी विनंती करा. आत व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर कोरलेला आकडा दिसेल. साठच्या दशकातल्या अमेरिकी पॉटवर बहुधा सात अंकी आकडा असतो. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, पुढचे दोन सालाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. उदाहरणार्थ, १३७६२२५ असे असेल तर तो पॉट सीटीएस कंपनीने १९६२ च्या पंचविसाव्या आठवड्यात बनवलेला आहे. सुरुवातीला ३०४ असेल तर तो स्टॅकपोल कंपनीचा. या आकड्यावरून गिटार त्या तारखेच्या आधीची नाही एवढेच कळते. पॉट महिनोन्‌महिने कारखान्यात पडून राहिलेला असू शकतो. परंतु पॉटवर १९८५ दिसले आणि भोवतीचा डाख ताजा चकचकीत असला, तर आत कोणीतरी हात घातला आहे हे नक्की समजावे.

बदलीच्या व्यवहारात पावती नसते, हे बहुतेक जण विसरतात. दोन्ही गिटारींचे वर्णन, तारीख आणि दोघांच्या सह्या असा साधा कागद करून ठेवा. तुम्ही भारतात परतणार असल्यामुळे तो कागद तुम्हाला दोन कारणांनी उपयोगी पडेल. त्याविषयी शेवटी लिहितो.

आता दुरुस्ती. गिटार घरी आल्यावर पहिल्या दिवशी काहीही सोडवू नका. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा, आतल्या जोडण्यांची जवळून काढा, आणि पुढे जो स्क्रू निघेल तो त्याच्या जागेचे नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवा. बदललेला भाग कितीही निकामी असला तरी फेकू नये. तो पेटीतच राहिला पाहिजे.

या गिटारीचा पिकअप धातूच्या चकचकीत नळीत असतो आणि ती नळी खरोखरच लिपस्टिकची असे. डॅनियल यांनी लिपस्टिकच्या नळ्या बनवणाऱ्याकडूनच त्या घेतल्या होत्या. आत अल्निको या मिश्रधातूचा लांबट चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. पिकअपच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून पाहा. चार ते पाच हजार ओहमच्या आसपास आकडा आला तर पिकअप जिवंत आहे आणि दोष पुढे पॉटमध्ये, जोडणीत किंवा ॲम्प्लिफायरची वायर खोचण्याच्या जॅकमध्ये आहे. साठ वर्षांच्या जॅकची पाती सैल होऊन संपर्क सुटलेला असणे हा सर्वांत साधा आणि वरचेवर आढळणारा दोष आहे. मीटरने काहीच दाखवले नाही, तर तार कुठेतरी तुटली आहे. तरीही लगेच वेढे उलगडायला घेऊ नका. बाहेर येणारी जाड तार आणि वेढ्यांची बारीक तार जिथे जोडलेली असते तो सांधा आधी भिंगाखाली पाहा, कारण आतल्या वेढ्यांपेक्षा तिथेच ती तुटण्याचा संभव अधिक. नळी उघडताना चिमटा वापरू नये. कापड गुंडाळून, न दाबता, किंचित फिरवत ओढावी.

तारा वर असण्याचे कारण मानेत आहे की मान बसवण्याच्या कोनात, हे आधी ठरवावे लागेल. या गिटारीच्या मानेत पोलादी आधार कायमचे घातलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या गिटारीसारखी आतली दांडी आवळून बाक काढता येत नाही. सरळ पट्टी लावून मान सरळ निघाली, तर काम सोपे आहे. मान खोबणीत जिथे बसते तिथे, घोडीकडच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या भागाकडच्या, टोकाखाली, पातळ लाकडाचा तुकडा घातला की मान मागे झुकते आणि तारा खाली येतात. पाव मिलिमीटर जाडीच्या तुकड्याने बाराव्या पडद्यापाशी तार साधारण अर्ध्या मिलिमीटरने उतरते, म्हणून घाईने जाड तुकडा घालू नये. घोडीवरची लाकडी पट्टी तासून तारा खाली आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. ती पट्टी मूळची आहे. तासलेले लाकूड परत येत नाही, घातलेला तुकडा मात्र केव्हाही काढता येतो.

कडेची सुटलेली पट्टी दिसायला क्षुल्लक वाटते, पण मी सर्वांत आधी तीच चिकटवीन. या गिटारीचे अंग भरीव लाकडाचे नसून हलक्या लाकडाची चौकट आणि तिच्या दोन्ही बाजूंना मॅसोनाइटचे तक्ते अशी तिची बांधणी आहे. विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये शोधलेला हा तक्ता लाकडाच्या ढलप्या वाफेच्या दाबाने फोडून, तंतू गरम दाबून बनवतात. त्यात बाहेरचा सरस जवळजवळ लागत नाही, लाकडातलेच द्रव्य तंतूंना बांधून ठेवते. पृष्ठभाग गुळगुळीत आणि टणक असला तरी कापलेल्या कडेतून ओल शिरली की तो पापडासारखा फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. कडेची पट्टी ती कड झाकते. पुण्याचा पावसाळा लक्षात घेता हे काम निघण्यापूर्वी झालेच पाहिजे.

रंगाबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. त्या काळ्या रंगात चमकीची पूड मिसळलेली आहे आणि दिव्याखाली गिटार तिरपी धरली की ती खोलवरून लुकलुकते. ओरखडे, पट्ट्याच्या बटणाजवळचा झिजलेला भाग, कोपर टेकून गेलेला रंग हे सारे त्या गृहस्थांच्या हातचे आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एका तरुणाच्या आग्रहावरून मी स्वतः एका जुन्या गिटारीचा रंग पूर्ण काढून तिला नवा दिला होता. काम सुबक झाले, तरुण खूश होऊन गेला, आणि चार वर्षांनी तोच मूळ रंग परत देता येईल का असे विचारायला आला. तेव्हापासून मूळ रंग काढण्याचे काम मी स्वीकारलेले नाही. तुमच्या मुलाला मऊ सुती कापड किंचित ओले करून त्या गिटारीवरचा धूर-धुळीचा थर उतरवायला सांगा. खालून काय निघते हे पाहिल्यावर तो बहुधा रंगाचा हट्ट सोडेल.

ॲम्प्लिफायर मात्र स्वतः चालू करून पाहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या काळातल्या काही स्वस्त व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये वीजपुरवठा वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मरच नसे. भिंतीतली वीज थेट आतल्या धातूच्या सांगाड्यापर्यंत आणि तिथून गिटारीच्या तारांपर्यंत येऊ शकते. जाणकाराकडून पहिल्यांदा हेच पाहून घ्या. ट्रान्सफॉर्मर नसेल तर बाहेरून बसवून घ्यावा, असेल तर तीन पिनांची वायर लावावी. वीज साठवणारे जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन्ही बाबतींत बदलावेच लागतील. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरलेला असतो. शिवाय तो अमेरिकेतल्या सुमारे १२० व्होल्टसाठी बनवलेला आहे, पुण्यात २३० व्होल्टवर लावताच जळेल. तिथे व्होल्टेज उतरवणारा, दोन्ही वेढे स्वतंत्र असलेला ट्रान्सफॉर्मर वापरावा लागेल.

शेवटी तुमच्या ताजा कलमाविषयी. त्या काळातल्या अनेक डॅनइलेक्ट्रो गिटारींच्या बोटांखालच्या पट्ट्या ब्राझिलियन शिसवीच्या असत. हा वृक्ष १९९२ पासून दुर्मीळ प्रजातींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स कराराच्या सर्वांत कडक पहिल्या परिशिष्टात आहे. आपल्याकडच्या शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये जी सवलत मिळाली ती या लाकडाला लागू नाही. तेव्हा पट्टीचे लाकूड जाणकाराला दाखवा, आणि ते ब्राझिलियन ठरले तर गिटार बंधने येण्यापूर्वीची असल्याचा दाखला अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडून घेण्यासाठी निघण्याच्या कित्येक महिने आधी अर्ज करा. पॉटवरच्या आकड्याचे छायाचित्र आणि तो अदलाबदलीचा कागद या अर्जाला जोडता येईल, आणि पुण्यात सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी गिटारीची मालकी विचारली तर तोच कागद पुढे करता येईल.

प्रश्न : माझे वडील साठच्या दशकात मुंबईतल्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवत. त्यांची जर्मन हॉफ्नर गिटार आमच्या पलंगाखाली होती. आता तिच्यावर बुरशी आली आहे, पिकअपभोवतीचा धातू हिरवा पडला आहे आणि प्लास्टिकची पट्टी वाकून भेगाळली आहे. पॉलिश काढून नव्याने करावे का? — एक वाचिका, मडगाव

उत्तर : पॉलिशला हात लावू नका. बुरशी वरवरची असते. कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झाडून, किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडी करावी. उन्हात ठेवू नये. गोव्याच्या दमट हवेत महिनोन्‌महिने फुगलेले लाकूड कडक उन्हात एका दुपारी तडकते.

धातू हिरवा पडण्याचे कारण ओल आहेच, पण ती भेगाळलेली पट्टीही असू शकते. तिच्यावर अंगठा जोराने घासून लगेच वास घ्या. देवघरातल्या कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची आहे, कारण सेल्युलॉइड कापूर घालूनच बनवतात. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वायू निघतात आणि बंद पेटीत जवळचा धातू खातात. तशी पट्टी काढून, कागदात गुंडाळून, हवा खेळेल अशा जागी वेगळी ठेवावी आणि विस्तवाजवळ तर मुळीच नेऊ नये, कारण ती फार लवकर पेट घेते. तिच्या मापाची नवी पट्टी करून लावता येईल.

गिटार पलंगाखाली पुन्हा ठेवू नका. आतल्या भिंतीला, म्हणजे जिच्या पाठीवर पाऊस आपटत नाही अशा भिंतीला, ती टांगून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी वाजवावी. पावसाळ्यात पेटीत ठेवावी लागली तर सिलिका जेलच्या पुड्या घालून त्या दर पंधरवड्याला बदलाव्यात.

प्रश्न : आमचे घराणे सतार-तंबोरे बनवण्याच्या धंद्यात आहे. एका गिऱ्हाइकाने तंबोऱ्याच्या किमतीपैकी अर्ध्या रकमेऐवजी जुनी जपानी टेइस्को गिटार दिली. पाचव्या पडद्यापासून पुढे तारा झणझणतात आणि स्विच खरखरतात. जवारी काढतो तशी घोडी घासून हा दोष जाईल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कारागिराने परक्या वाद्यासाठी कानस हाती घ्यावी यात मला औचित्य दिसते. टेइस्को ही टोकियोतली १९४६ मध्ये सुरू झालेली कंपनी. १९६७ मध्ये ती कावाई कंपनीने घेतली. एकेका पिकअपला एकेक स्विच ही तिच्या बऱ्याच गिटारींची खूण आहे. हे स्विच खरखरतात ते संपर्कावर गंज चढल्यामुळे; संपर्क साफ करण्याचा फवारा थोडा मारून स्विच वीस-तीस वेळा खालीवर केला की बहुधा काम भागते.

घोडीला मात्र हात लावू नका. तंबोऱ्याची जवारी काढताना आपण घोडीचा माथा असा उतरता घासतो की तार सुटताना त्याला चाटत जावी, आणि खाली सुताचा धागा सरकवून ती झणक खुलवतो. तिथे तार घोडीला हलके लागणे हेच साध्य आहे. गिटारीत याच्या उलट, तारेने घोडीवरून एका धारदार टोकापाशी स्वच्छ सुटले पाहिजे. तुम्ही सांगितलेली झणझण घोडीपाशी होत नसून कुठल्यातरी पुढच्या उंच पडद्याला तार लागून होते आहे. जवारीचा तुमचा कान हा आवाज नेमका कुठून येतो हे सामान्य गिटार कारागिरापेक्षा लवकर ओळखेल.

आधी मान पाहा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरली की मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या, पडद्याचा माथा आणि तार यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट राहायला हवी. झेरॉक्सच्या कागदाच्या दोन-तीन पट्ट्या त्या फटीत सरकल्या तर मान ठीक आहे. फटच नसेल तर मान मागे वाकली आहे. मानेत फिरवता येणारी दांडी असेल तर तिला एका वेळी पाव वळसाच द्यावा आणि रात्रभर थांबून पुन्हा मोजावे.

मान ठीक असूनही झणझण राहिली तर सरळ धारेची छोटी पोलादी पट्टी एका वेळी तीन पडद्यांवर ठेवून हलवून पाहा. ती डुलली की मधला पडदा उंच. आधी तो खोबणीतून वर उचकटलेला नाही ना हे पाहा. तसे असेल तर लाकडी ठोकळा मध्ये धरून हलक्या हातोडीने तो परत बसतो आणि काही घासावेच लागत नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात, हवे तर बदलता येतात. गिटारीचे पडदे लाकडात कायमचे ठोकलेले असल्यामुळे एकाचा माथा उतरला की बाकीच्यांना त्याच्या पातळीवर यावे लागते, म्हणून कानस लावण्यापूर्वी दोनदा मोजा.

पातळी करावीच लागली तर लाकडावर चिकटपट्टी लावा, सर्व पडद्यांच्या माथ्यावर मार्कर पेनाने रेघ ओढा आणि लांब सपाट कानस हलक्या हाताने मानेच्या दिशेने फिरवा. प्रत्येक माथ्यावरची शाई जेमतेम पुसली गेली की थांबा. माथे आता चपटे झाले असतील. बारीक कानशीने त्यांना दोन्ही बाजूंनी पुन्हा गोलाई द्या, पण अगदी मधोमध शाईची केसाएवढी रेघ शिल्लक राहू द्या, म्हणजे उंची आणखी उतरणार नाही. मग सहाशेपासून दोन हजार नंबरपर्यंतचे पॉलिशपेपर पाण्याशिवाय, क्रमाने वापरा. या पडद्यांच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणत असले तरी त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू म्हणजे आपल्या घरातल्या भांड्यांचे जर्मन सिल्व्हरच. तुमच्या सतारीच्या पितळी पडद्यांपेक्षा तो कानशीखाली थोडा कठीण लागेल, तेव्हा पहिल्याच फटक्याला दाब वाढवू नका.

कानस लावण्यापूर्वीची आणि नंतरची पडद्यांची उंची मोजून मला कळवली, तर तारांचा कोणता जाड-पातळ संच तिला मानवेल हे पुढच्या अंकात सांगता येईल.